आउटबोर्ड इंजिन सुरू होत नसेल तर

होडीच्या वराम्याला, म्हणजे मागच्या बाजूला, बाहेरून अडकवलेले, वर डोके आणि खाली पाण्यात पंखा असलेले इंजिन म्हणजे आउटबोर्ड. मालवण, देवबाग, तारकर्ली या भागातल्या फायबरच्या छोट्या होड्या आणि गोव्याच्या नद्यांतून पर्यटकांना फिरवणाऱ्या बऱ्याच बोटी याच इंजिनांवर चालतात. इंजिन दोन स्ट्रोकचे असो वा चार, दोरीने ओढायचे असो वा बटणाचे, सुरू होण्यासाठी त्याला मोजक्याच गोष्टी लागतात. पेट्रोल आणि हवेचे पेटण्याजोगे मिश्रण लागते, सिलिंडरमध्ये ते दाबले जावे लागते, नेमक्या वेळी ठिणगी पडावी लागते आणि हे सारे घडेल इतक्या वेगाने इंजिन फिरावे लागते. सुरू न होणाऱ्या इंजिनात यांपैकी एक गोष्ट हमखास कमी पडलेली असते. ती कोणती हे ठरल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. तपासणीचा क्रम बाहेरून आत आणि फुकटापासून महागाकडे असावा. प्रत्यक्षात अनेकदा उलटे घडते: कार्बोरेटर उघडून त्याचे भाग फळीवर मांडले जातात आणि टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद होता हे मग लक्षात येते.

इंजिन पाण्यात बंद पडले असेल तर दुरुस्तीच्या आधी नांगर टाकावा. कर्ली नदी देवबागपाशी समुद्राला मिळते, तशा मुखांवर ओहोटीचा ओढा होडीला थेट फुटणाऱ्या लाटांकडे नेतो, आणि दोरी ओढण्यात गुंतलेल्या माणसाला होडी किती वाहून गेली याचे भान राहत नाही. होडीतल्या सर्वांनी लाइफ जॅकेट घालावे. आसपासच्या होडीला हाक पोहोचत असेल किंवा मोबाइलला रेंज असेल, तर काम सुरू करण्याआधीच कळवून ठेवावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि होडीच्या तळाशी साचते. म्हणून इंजिनाचे झाकण उघडण्यापूर्वी विडी-सिगारेट विझवावी, सांडलेले पेट्रोल पुसून घ्यावे आणि वाफ उडून जाण्यास वेळ द्यावा. सुटी टाकी किनाऱ्यावर उतरवूनच भरायची असते, ती याच कारणाने.

‘इंजिन सुरू होत नाही’ या एका तक्रारीत निरनिराळे बिघाड दडलेले असतात. इंजिन मुळी फिरतच नसेल, म्हणजे दोरी हलत नसेल किंवा बटण दाबल्यावर नुसती टिक वाजत असेल, तर दोष बॅटरीत, स्टार्टरमध्ये, गिअरमध्ये किंवा इंजिनाच्या आत असतो. पेट्रोल तपासून उपयोग नाही. इंजिन नीट फिरते पण एकदाही फुटत नाही, तेव्हा ठिणगी किंवा पेट्रोल यांपैकी एक पूर्णपणे बंद आहे असे समजावे. एक-दोनदा फुटून गप्प होत असेल तर बहुधा पेट्रोल अपुरे किंवा खराब असते. सुरू होऊन चार-पाच मिनिटांनी बंद पडणारे इंजिन हा वेगळा प्रकार आहे, तो पुढे येईल.

कुलूप लावणारी दोन साधने

सर्वांत आधी पाहायचा तो बंद करणाऱ्या स्विचचा क्लिप. चालकाच्या मनगटाला बांधायच्या लाल गुंडाळीदार दोरीच्या टोकाला तो असतो आणि इंजिनावर किंवा कंट्रोल बॉक्सवर स्विचच्या खाली अडकवलेला असतो. चालक पाण्यात पडला तर क्लिप निघतो, ठिणगी तुटते आणि इंजिन थांबते. क्लिप जागेवर नसेल किंवा अर्धवट बसला असेल, तर कितीही वेळा दोरी ओढली तरी ठिणगी पडत नाही. क्लिपचा आकार कंपनीनुसार बदलतो, त्यामुळे जादा क्लिप इंजिनाबरोबरचाच ठेवावा. क्लिप हरवला म्हणून स्विचच्या गळ्याला सुतळी गुंडाळून इंजिन चालवले जाते. किनारा गाठण्यापुरता तो उपाय चालेल, पण सुतळी तशीच महिनोन्‌महिने ठेवणे धोक्याचे आहे. चालक पडल्यावर सुकाणू सुटलेली होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते, आणि पंखा तेव्हा फिरत असतो.

दुसरे साधन गिअरचे. बहुतेक आउटबोर्ड न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सुरू होत नाहीत. दोरीच्या इंजिनात दोरी अडते, बटणाच्या इंजिनात स्टार्टरला वीजच मिळत नाही. गिअरची केबल सैल झाली असेल तर दांडा न्यूट्रलवर दिसतो पण आत गिअर पूर्ण सुटलेला नसतो. दांडा थोडा पुढे-मागे हलवून पुन्हा प्रयत्न करावा. तेवढ्याने काम झाले, तर केबल जुळवून घेण्याची वेळ आली आहे असे समजावे.

पेट्रोल: टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत

सुरू न होणाऱ्या आउटबोर्डमध्ये सर्वाधिक वेळा दोषी ठरते ते पेट्रोल, त्यामुळे या भागाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. पेट्रोलचा प्रवास टाकीतल्या शोषण नळीच्या टोकाशी असलेल्या जाळीपासून सुरू होतो. पुढे नळी, रबरी बल्ब, इंजिनाला जोडणारा कनेक्टर, फिल्टर, पंप आणि शेवटी कार्बोरेटर. याच क्रमाने एकेक टप्पा तपासत जावे.

सुट्या टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. इंजिन चालताना तो उघडा हवा, नाहीतर टाकीत निर्वात पोकळी तयार होऊन पेट्रोल पुढे सरकत नाही. उलट उन्हात तापलेली टाकी बंद असेल तर आतली वाफ पेट्रोलला जोराने इंजिनाकडे ढकलते आणि इंजिन पेट्रोलने भरून जाते. म्हणून उन्हात उभ्या ठेवलेल्या होडीत नळी इंजिनाला जोडण्याआधी झाकण सैल करून दाब सोडून द्यावा.

रबरी बल्ब हा या सगळ्या वाटेवरचा सर्वांत बोलका भाग. त्यावरचा बाण इंजिनाकडे असायला हवा. नळी बदलताना बल्ब उलटा बसवल्याची उदाहरणे कमी नाहीत. दाबताना बल्ब उभा, बाण वरच्या दिशेला येईल असा धरावा, कारण आतल्या झडपा त्या स्थितीत नीट बसतात. पाच-दहा दाबांत बल्ब कडक झाला तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचले आहे. कितीही दाबला तरी मऊच राहत असेल तर टाकी रिकामी आहे, नळीत कुठून तरी हवा शिरते आहे, किंवा बल्बच्या झडपा गेल्या आहेत. दाबल्यावर चपटाच राहत असेल, फुगून परत येत नसेल, तर हवेचा स्क्रू बंद आहे किंवा शोषण नळीची जाळी कचऱ्याने भरली आहे. आणि बल्ब मऊ राहून कार्बोरेटरमधून पेट्रोल गळत असेल, तर फ्लोटची सुई कचऱ्यामुळे उघडी अडकली आहे.

हवा शिरण्याची नेहमीची जागा म्हणजे नळीच्या टोकाचा कनेक्टर. त्यातली छोटी रबरी रिंग उन्हाने आणि पेट्रोलने कडक होते, चिरते. पेट्रोल बाहेर गळत नाही, पण पंपाच्या ओढीने हवा आत येते, त्यामुळे नुसते बघून दोष सापडत नाही. कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवावा आणि ‘टक’ असा आवाज येतो का पाहावे. रिंग काही रुपयांची असते, ती पिशवीत दोन-चार असाव्यात.

यानंतर प्रश्न पेट्रोलच्या दर्जाचा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात, साधारण जून आणि जुलै हे दोन महिने, यांत्रिक मासेमारी बंद असते आणि पर्यटनाच्या होड्याही किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये उरलेले पेट्रोल तसेच राहते. भारतात २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर आले. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत ओलावा भरपूर. ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी शोषले गेले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्याने तळाशी जातात. शोषण नळीचे टोकही तळाशीच असल्यामुळे इंजिनाला प्रथम मिळते ते हे पाणी. टाकी हलवून किंवा वरून नवे पेट्रोल ओतून असे पेट्रोल सुधारत नाही. अनेक आउटबोर्डांच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्केच दिलेली असते, आणि जुन्या इंजिनांतल्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉलने फुगतो किंवा ठिसूळ होतो. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला सुरू न होणाऱ्या इंजिनात गेल्या हंगामातले पेट्रोल काढून टाकणे हीच पहिली दुरुस्ती असते.

पेट्रोल तपासण्याची रीत सोपी आहे. टाकीच्या तळातले आणि कार्बोरेटरच्या वाटीतले थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यावे आणि दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवावे. दोन थर दिसले, तळाशी थेंब लोळताना दिसले किंवा रंग गढूळ असला तर पेट्रोल निकामी. फार जुन्या पेट्रोलला आंबूस, वार्निशचा वास येतो. कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल काढण्यासाठी तळाशी स्क्रू असतो. तो सैल करून बल्ब दाबावा. स्वच्छ पेट्रोलची धार आली तर वाटीपर्यंतची वाट मोकळी आहे. थेंबथेंब आले तर फिल्टर, पंप किंवा सुईत अडथळा आहे. वाटीचे हे काम पाच मिनिटांचे, पण त्याने अर्ध्या शंका मिटतात.

दोन स्ट्रोकच्या इंजिनात तेल पेट्रोलातच मिसळलेले असते. बहुतेक आधुनिक इंजिनांना ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल चालते, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर आणि २४ लिटरच्या टाकीला ४८० मिलिलिटर. इंजिन नवे असताना हे प्रमाण दुपटीने ठेवायचे असते. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. तेल अंदाजाने ओतले की प्लग काळा, ओला होतो आणि ठिणगी मरते. तेल ‘टीसी-डब्ल्यू ३’ दर्जाचेच असावे. मोटारसायकलचे टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असते. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डमध्ये ते प्लगवर आणि रिंगांवर थर धरते. चार स्ट्रोकच्या इंजिनाला चुकून तेलमिश्रित पेट्रोल घातले गेले तर ते धूर ओकते आणि त्याचे प्लगही खराब होतात.

चोक आणि भरलेले इंजिन

थंड इंजिनाला चोक पूर्ण ओढून, थ्रॉटल ‘स्टार्ट’ खुणेवर ठेवून, दोरी आधी अडथळा लागेपर्यंत हळू ओढावी आणि मग एकदम खेचावी. सुरुवातीपासूनच हिसका दिला तर स्टार्टरचे दात नीट गुंतत नाहीत आणि खांदा दुखतो. इंजिन एकदा फुटले की चोक अर्धा आत ढकलावा. गरम इंजिनाला चोक लागत नाही. दुपारच्या फेरीत दहा मिनिटे थांबलेल्या इंजिनाला सकाळच्या सवयीने चोक दिला जातो आणि तेथूनच त्रास सुरू होतो.

पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि इंजिन फुटत नसेल तर ते भरले आहे. चोक पूर्ण बंद करावा, पेट्रोलची नळी काढावी, थ्रॉटल उघडावा आणि पाच-सहा वेळा दोरी ओढावी. तेवढ्याने न झाल्यास प्लग काढून पुसावेत, तारा खाली सांगितल्याप्रमाणे इंजिनाच्या धातूला जोडाव्यात आणि प्लगची भोके मोकळी ठेवून पुन्हा दोरी ओढावी म्हणजे साचलेले पेट्रोल बाहेर उडेल. हे करताना भोकांसमोर तोंड किंवा ठिणगी पडेल असे काही नसावे. मग पंधरा मिनिटे थांबावे. या पंधरा मिनिटांची चिडचिड बहुतेकांना असह्य होते, पण इथे थांबणे हाच इलाज आहे.

प्लग आणि ठिणगी

काढलेला प्लग इंजिनाच्या आतली स्थिती सांगतो. टोक कोरडे असेल तर सिलिंडरमध्ये पेट्रोलच पोहोचलेले नाही, मागे जाऊन पेट्रोलची वाट तपासावी. ओले आणि काळे असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त आहे, किंवा ठिणगी नसल्यामुळे ते पेटले नाही. टोकावर पाण्याचे थेंब दिसले तर पेट्रोलात पाणी आहे, नाहीतर हेडचे गॅस्केट फुटून थंड करणारे पाणी आत येते आहे. फिकट तपकिरी टोक हे चांगल्या इंजिनाचे लक्षण. दोन सिलिंडरच्या इंजिनात दोन्ही प्लगांची तुलना करावी. एक कोरडा आणि एक ओला असेल तर दोष एकाच सिलिंडरचा; टाकीला दोष देण्यात अर्थ नाही.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग टेस्टर वापरणे सर्वांत सुरक्षित. तो नसेल तर प्लगला तार जोडून, प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला घट्ट टेकवावा, प्लगच्या उघड्या भोकापासून शक्य तेवढा दूर, आणि मग दोरी ओढावी. प्लग हातात धरून ही तपासणी करू नये. या इंजिनांतली कॉइल हजारो व्होल्ट देते आणि ओल्या होडीत उभ्या असलेल्या माणसाला मिळणारा झटका त्याला पाण्यात ढकलण्यास पुरेसा असतो. तार कुठेही न टेकवता मोकळी ठेवून इंजिन फिरवणेही टाळावे, त्याने इग्निशनचा सीडीआय डबा जळू शकतो. निळसर, खणखणीत ठिणगी चांगली. पिवळी, अशक्त ठिणगी उन्हात दिसतही नाही, म्हणून सावली धरून पाहावी.

ठिणगी नसल्यास पहिला उपाय नवा प्लग. फटीचे माप पुस्तिकेप्रमाणे असावे. वॉशर असलेला नवा प्लग हाताने पूर्ण बसवून मग पान्याने अर्धा फेरा आवळला की पुरतो. जास्त आवळला तर ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात. नव्या प्लगनेही ठिणगी येत नसेल तर बंद करणाऱ्या स्विचकडून येणारी तार तिच्या जोडणीपाशी तपासणीपुरती सोडवावी. ठिणगी परत आली तर कॉइल आणि सीडीआय ठीक आहेत, दोष स्विचचा किंवा त्याच्या तारेचा आहे. खाऱ्या पाण्याने स्विचच्या आत हिरवट थर धरणे ही कोकणातल्या इंजिनांची नेहमीची गोष्ट. या एका चाचणीने विनाकारण बदलला जाणारा महागडा सीडीआय डबा कितीदा तरी वाचतो. तपासणी झाल्यावर तार पुन्हा जोडलीच पाहिजे, नाहीतर सुरू झालेले इंजिन बंद करता येणार नाही.

कार्बोरेटर

पेट्रोल ताजे आहे, वाटीपर्यंत पोहोचते आहे, ठिणगीही चांगली आहे, तरी इंजिन फुटत नाही किंवा फक्त चोकवरच चालते, असे असेल तरच कार्बोरेटर उघडावा. सुकलेल्या पेट्रोलचा चिकट थर आतली बारीक छिद्रे बुजवतो. कमी वेगाचे छिद्र सर्वांत लहान, म्हणून तेच आधी बंद होते आणि इंजिन हळू वेगात टिकत नाही. जेट सोडवून कार्बोरेटर क्लीनरने आणि हवेच्या दाबाने साफ करावेत. पोलादी तारेने छिद्र टोकरले तर ते मोठे होते आणि मिश्रण कायमचे बिघडते. मिश्रणाचा स्क्रू हलवण्याआधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवावे. समुद्रात हे काम करू नये. एक जेट होडीच्या तळातल्या पाण्यात पडला की त्या दिवसाचा धंदा संपला.

बटणाचे इंजिन

बटण दाबल्यावर काहीच घडत नसेल तर क्रमाने पाहावे: बॅटरीचा मुख्य स्विच, फ्यूज, न्यूट्रल आणि बॅटरीची टोके. नुसती टिक ऐकू येत असेल तर रिले काम करतो आहे, पण स्टार्टरला पुरेशी वीज जात नाही. पूर्ण भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज साधारण १२.६ असते, स्टार्टर फिरत असताना ते ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी कमजोर आहे. त्याआधी टोके सोडवून, खरवडून, पुन्हा घट्ट बसवून पाहावीत. पंखनट बोटांनी आवळलेले असतात आणि लाटांच्या हादऱ्यांनी सैल होतात. तिथे साधा नट आणि पाना वापरलेला बरा.

बॅटरी गेली तरी लहान इंजिने झाकण काढून फ्लायव्हीलला आणीबाणीची दोरी गुंडाळून सुरू करता येतात. ती दोरी इंजिनाबरोबरच्या अवजारांत असते. अशा वेळी गिअरचे कुलूप काम करीत नाही, म्हणून इंजिन न्यूट्रलमध्ये आहे हे आधी स्वतः पाहावे. मागे कोणी उभे नसावे, आणि फ्लायव्हील उघडे असल्याने सैल शर्ट, गमछा, मोकळे केस दूर ठेवावेत. इंजिन सुरू झाल्यावर झाकण लावण्याचा प्रयत्न करू नये. तसेच हळू किनाऱ्यावर यावे.

इंधन-इंजेक्शनच्या इंजिनाला चोक नसतो. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू येते. ती ऐकू न आल्यास पंपाचा फ्यूज किंवा बॅटरी पाहावी. यातल्या मोठ्या इंजिनांत संगणकाला आणि पंपाला वीज लागते, त्यामुळे पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर दोरीही उपयोगी पडत नाही. सतत वाजणारा बझर किंवा लुकलुकणारा दिवा हा दोषाचा संकेत असतो. किती वेळा लुकलुकतो ते मोजून मेकॅनिकला सांगावे. याच्या आत घरगुती दुरुस्तीला वाव फार थोडा.

इंजिनाच्या आतले दोष

दोरी नेहमीपेक्षा हलकी जाते, मध्ये अडथळाच जाणवत नाही, असे असेल तर कॉम्प्रेशन गेले आहे. सगळे प्लग काढून, तारा धातूला जोडून, थ्रॉटल पूर्ण उघडून गेजने प्रत्येक सिलिंडर मोजावा. दोन सिलिंडरांत १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर रिंग, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट तपासावे लागते आणि ते कार्यशाळेचे काम आहे.

पेट्रोल, ठिणगी, कॉम्प्रेशन सगळे असूनही इंजिन उलटे फुटते, दोरी हातातून हिसकते, तेव्हा फ्लायव्हीलची चावी तुटलेली असण्याची शक्यता मोठी. फ्लायव्हीलचा नट सैल राहिला की हा छोटा धातूचा तुकडा कातरला जातो, फ्लायव्हील थोडे सरकते आणि ठिणगी चुकीच्या वेळी पडते.

दोरी मुळीच हलत नसेल तर जोर लावू नये. प्लग काढून पुन्हा हळू ओढावी. आता इंजिन फिरले आणि भोकांतून पाणी किंवा तेल उडाले, तर सिलिंडर भरलेला होता. चार स्ट्रोकचे इंजिन टेम्पोतून चुकीच्या कुशीवर आडवे टाकून नेले की तेल सिलिंडरमध्ये उतरते. कोणत्या बाजूवर आडवे ठेवायचे हे पुस्तिकेत आणि पुष्कळदा इंजिनावरही दाखवलेले असते. प्लग काढूनही इंजिन हलत नसेल तर ते जाम झाले आहे.

सुरू होऊन बंद पडणे

काही मिनिटे चालून बंद पडणाऱ्या इंजिनात पुन्हा हवेचा स्क्रू आधी पाहावा. नंतर इंजिन मरू लागताच एकाने बल्ब दाबत राहावा. दाबल्यावर इंजिन सावरत असेल तर पंप कमजोर आहे किंवा नळीत हवा शिरते आहे; बल्ब दाबत दाबत बंदरापर्यंत येता येते. बल्बने फरक पडत नसेल आणि गार झाल्यावर इंजिन पुन्हा सुरू होत असेल, तर कॉइल किंवा सीडीआय गरम झाल्यावर मान टाकतो आहे असा संशय घ्यावा.

सुरू झालेल्या इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार येते का हे लगेच पाहावे. धार नसेल तर इंजिन बंद करून त्या धारेच्या नळीच्या तोंडातला वाळू-कचरा काढावा. तरीही न आल्यास पाणी खेचणारा इंपेलर गेला आहे. किनाऱ्यावर चाचणी घेताना इंजिन कोरडे चालवू नये. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडेल इतके पाणी पिंपात घ्यावे किंवा पाण्याच्या शिरकावावर रबरी कप लावून नळाचे पाणी सोडावे. कोरड्या घर्षणाने रबरी इंपेलर फार थोड्या वेळात फाटतो.

बुडालेले इंजिन

मुखावर होडी उलटून इंजिन खाऱ्या पाण्यात गेले असेल तर ते बाहेर काढल्यापासून गंज सुरू होतो, म्हणून हाताशी काही तासच असतात. बॅटरी सोडवावी, झाकण काढून सगळे इंजिन गोड्या पाण्याने धुवावे. प्लग काढून, भोके खाली येतील असे इंजिन धरून हळूहळू फिरवावे म्हणजे पाणी निघून जाईल. आत वाळू करकरताना ऐकू आली तर फिरवू नये. इंजिन चालू असतानाच बुडाले असेल आणि फिरवताना अडत असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकला असण्याची शक्यता असते; तेव्हाही तिथेच थांबावे. अडचण नसेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी, तारांच्या जोडण्या उघडून पाणी हटवणाऱ्या स्प्रेने कोरड्या कराव्यात. दोन स्ट्रोकमध्ये प्लगच्या भोकातून थोडे तेल घालावे. चार स्ट्रोकमध्ये दुधाळ झालेले तेल काढून नवे भरावे. नवे प्लग आणि ताजे पेट्रोल घालून इंजिन सुरू करावे आणि हळू वेगात तासभर चालवावे. चार स्ट्रोकचे तेल त्यानंतर पुन्हा बदलावे. त्याच दिवशी हे सगळे जमणार नसेल, तर मेकॅनिक येईपर्यंत इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवावे, कारण हवा लागली की गंज लवकर चढतो.